मन दुखावलेल्या माणसाला पुस्तक सुचवताना

"ताई, मनाला जरा बरं वाटेल असं काहीतरी द्या."

आमच्या वाचनालयाच्या खिडकीवर हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. बोलणारा माझ्याकडे बघत नाही, नोंदवहीकडे बघतो. मी इथे 19 वर्षं दुपारची पाळी सांभाळते. सुरुवातीला हे वाक्य ऐकलं की मला हुरूप यायचा. उठून अध्यात्माच्या कपाटाकडे जायचे, चार पुस्तकं काढायचे आणि समोर ठेवायचे. चारही पुस्तकं पंधरा दिवसांनी न वाचता परत यायची.

शहाणपण आलं ते माझ्या आतेबहिणीमुळे. तिची केमो चालू होती. मी तिला त्या काळी घरोघरी दिसणारं एक इंग्रजीतून आलेलं पुस्तक नेऊन दिलं. आजार आपल्या विचारांतून येतात, विचार बदला की आजार जातो, असा त्याचा रोख. मी ते नीट वाचलेलंही नव्हतं, मुखपृष्ठ छान होतं. आठ दिवसांनी गेले तर पुस्तक उशाशी पालथं पडलेलं. ती म्हणाली, "म्हणजे हा मीच ओढवून घेतला म्हणायचा का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. स्वतः वाचलेलं नसेल ते दुखऱ्या माणसाला देत नाही. आणि पुस्तक देत नाही, पान देते. पुढचं सगळं याच दोन गोष्टींचा विस्तार आहे. घरातल्या, शेजारच्या कुणाला किंवा स्वतःलाच पुस्तक निवडून द्यायचं असेल तर उपयोगी पडावं.

पायरी 1 : कपाटाकडे जाऊ नका, बसा

गीतेचा पहिला अध्याय लोक घाईघाईत उलटतात. त्यात तत्त्वज्ञान नाही म्हणतात. पण तिथे अर्जुनाची अवस्था काय आहे बघा. अंग गळतंय, तोंडाला कोरड पडलीय, कापरं भरलंय, कातडी जळतेय, हातातून गांडीव निसटतंय. आजच्या भाषेत डॉक्टर याला वेगळं नाव देतील. आणि ज्याच्यापाशी 700 श्लोकांच्या गीतेचं सगळं ज्ञान आहे तो कृष्ण, ही तक्रार चालू असताना एक शब्द बोलत नाही. त्याचं उत्तर येतं ते दुसऱ्या अध्यायात.

आपणही तेवढं थांबावं. मी समोरच्याला तीनच गोष्टी विचारते. झोप लागते का? मागचं पुस्तक पुरतं वाचून कधी संपवलं? आणि रडू येतंय की राग येतोय? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण चमकतात. "मनाला बरं नाही" या एका वाक्याखाली दुःख, अपमान, काळजी आणि नुसता कंटाळा असे चार वेगळे आजार दडलेले असतात. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पायरी 2 : हे पुस्तकाचं काम आहे का?

नसेल तर तसं सांगायला लाजू नका. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण सुटलंय, अंघोळही नकोशी झालीय, "मी नसतो तर बरं" असं बोलणं येतंय, तर हातात पुस्तक देणं म्हणजे ताप 103 असताना पंचांग उघडणं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ लागतो. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी तो एका चिठ्ठीवर लिहून खिडकीपाशी ठेवलेला आहे. माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार असतील तर त्याला एकटं सोडू नका, नंबर लावून फोन त्याच्या हातात द्या.

गोळ्या चालू असलेल्या माणसाला पुस्तक जरूर द्यावं. मात्र "हे वाचलंस की गोळ्यांची गरज पडणार नाही" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये.

पायरी 3 : पुस्तकाची जात ओळखा

माझ्या हिशेबी अशी पुस्तकं तीन जातींची. पहिली सोबतीची. ती काही शिकवत नाहीत, शेजारी बसतात. दुसरी कामाची. त्यांत वही-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, नुसती वाचली तर फुकट. तिसरी उत्तर विकणारी.

तिसऱ्या जातीची ओळख सोपी आहे. पहिल्याच प्रकरणात ज्यांचं भलं झालं त्यांच्या गोष्टी असतात आणि ज्यांचं झालं नाही त्यांचा पत्ता नसतो. सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय असतो. तो लागू पडला नाही तर दोष वाचणाऱ्याच्या श्रद्धेचा असतो. आणि शेवटच्या पानावर पुढच्या शिबिराची माहिती. या जातीचं पुस्तक धडधाकट माणसाने प्रवासात वाचलं तर बिघडत नाही. दुखऱ्याला देऊ नये.

चूक बहुतेक वेळा पहिल्या दोन जातींच्या अदलाबदलीत होते. कालच आई गेलीय त्याला आपण सवयी सुधारण्याचं पुस्तक देतो. आणि ज्याला रोजच्या काळजीतून बाहेर पडायला कामाचं पुस्तक हवंय त्याच्या हाती ओव्या ठेवतो.

पायरी 4 : दुखणं तसं पान

कुणी गेलं असेल तर. पहिले पंधरा-वीस दिवस काही देऊच नका. तेराव्याला एका घरी चार नातेवाइकांनी एकाच पुस्तकाच्या चार प्रती आणून दिल्याचं मी पाहिलंय. मुलगा त्या टीव्हीखाली रचून ठेवत होता. समर्थांचे मनाचे श्लोक 205, त्यातला "मरे एक त्याचा दुजा शोक वाहे, अकस्मात तोही पुढे जात आहे" हा सोळावा. खरा आहे. पण ताज्या दुःखात तो चपराक लागतो, वर्षभराने वाचला तर आधार वाटतो. किसा गोतमीची गोष्ट आठवा. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा बुद्धाने "सगळे मरतातच" असं ऐकवलं नाही. ज्या घरात कुणी मेलेलं नाही तिथून मोहरी आण म्हणून पाठवलं. दारोदार फिरताना तिचं तिलाच कळलं. चांगलं पुस्तक असं दारोदार फिरवतं.

म्हणून मी शोकात असलेल्यांना ज्यांनी स्वतः सोसलंय त्यांची दारं दाखवते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता 1952 मध्ये, त्या गेल्यावर, पुस्तकरूपात आल्या. पती गेल्यानंतरची त्यांची एक कविता आहे, त्यात कुंकवाखाली लपलेली नशिबाची रेघ कुंकू पुसल्यावर उघडी पडते. आमच्याकडच्या एका वहिनींना मी तेवढंच पान दाखवलं. त्या खिडकीपाशी उभ्या राहून दोनदा वाचून गेल्या, पुस्तक नेलंही नाही. महिन्याने नेलं.

इंग्रजी वाचणाऱ्यांना सी. एस. लुइस यांचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' द्यावं. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या नोंदी आहेत, देवावरचा रागसुद्धा न लपवता लिहिलेल्या. 1961 मध्ये ते त्यांनी टोपणनावाने छापलं होतं आणि म्हणे त्यांच्याच मित्रांनी "हे वाच, तुला बरं वाटेल" म्हणून ते त्यांना सुचवलं! पुस्तक सुचवणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

धंदा बुडाला, कर्ज झालं, मान गेला, तर तुकोबा. लोक गाथा हातात देतात. शासनाने काढलेल्या गाथेत 4,607 अभंग आहेत, बुडत्याच्या हातात तो ग्रंथ म्हणजे आणखी एक ओझं. एकच अभंग उघडून द्या, "बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली". आणि हे कुणी लिहिलंय ते सांगा. वाण्याचं दुकान होतं, 1630 च्या आसपासच्या दुष्काळात ते बसलं, एक बायको अन्न अन्न करत मेली. हे त्यांनीच अभंगात सांगितलंय. आमच्या पेठेतल्या एका कापडवाल्या काकांना मी हे पान खूण घालून दिलं होतं. दिवाळे हा शब्द त्यांनी बोटाने चाचपून पाहिला. म्हणाले, "हा आपल्यातलाच की."

अपमान झालाय, आपल्याच माणसांनी दुखावलंय, दार लावून बसावंसं वाटतंय, त्यांना मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग. ज्ञानेश्वर रागावून झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकटी बहीण बाहेरून समजावते आहे, एवढीच परिस्थिती. काही पानांचा मामला. "विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी." गंमत म्हणजे जो माणूस पुढे ज्ञानेश्वर म्हणून पुजला गेला त्यालाही दार लावून बसावंसं वाटलं होतं, ही माहितीच अर्धं औषध आहे.

काळजी, तीच ती चिंता, रात्री डोक्यात फिरणारी चाकं, यांना मात्र कामाचं पुस्तक लागतं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमाराला मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत चांगली रुजली आहे. ठाण्याला 1990 पासून मानसिक आरोग्याची संस्था चालवणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांचं 'स्वभाव-विभाव' त्यावरचंच आहे. पद्धत थोडक्यात अशी. वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात घडलेलं लिहायचं, "वाढदिवसाला नणंदेचा फोन आला नाही." तिसऱ्यात झालेला परिणाम, "दिवसभर डोकं दुखलं, नवऱ्यावर खेकसले." मग मधला रकाना, जो आपल्याला दिसत नसतो, "तिने फोन करायलाच हवा होता, नाही केला म्हणजे मला किंमत देत नाही." आता त्या 'करायलाच हवा'वर पेन्सिल टेकवून विचारायचं, हे कुठे लिहिलंय? फोन आला असता तर बरं झालं असतं, इथपर्यंत ठीक. एका बाईंनी मला सांगितलं, आठ दिवस लिहिल्यावर लक्षात आलं की मधल्या रकान्यात रोज एकच वाक्य येतंय, फक्त माणसं बदलतात.

इंग्रजीत डेव्हिड बर्न्स यांचं 'फीलिंग गुड' (1980) याच अंगाचं. सौम्य आणि मध्यम नैराश्यात अशा पुस्तकांचा उपयोग होतो हे अभ्यासांत दिसलेलं आहे, पण पुस्तकातला गृहपाठ करणाऱ्यांना. पुस्तक नुसतं उशाशी ठेवून होत नाही.

"सगळं आहे, तरी काहीच नाही" असं म्हणणारे निवृत्तीनंतर फार येतात. त्यांना व्हिक्टर फ्रँकल. नाझी छळछावण्यांतून वाचलेला हा व्हिएन्नाचा डॉक्टर, 1945 मध्ये त्याने नऊ दिवसांत 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' हे पुस्तक सांगून लिहून घेतलं. मराठी अनुवाद मिळतो. पहिला अर्धा भाग छावणीचा आहे, तो वाचा. दुसरा भाग त्याच्या उपचारपद्धतीचा, तो नंतर कधीतरी. ज्याला झोप नाही त्याला हे रात्री वाचायला देऊ नका.

अध्यात्माची खरीच ओढ असेल तर सुरुवात विनोबांच्या गीता प्रवचनांनी करावी, हे माझं ठाम मत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून असे 18 रविवार त्यांनी कैद्यांसमोर ती दिली, साने गुरुजींनी उतरवून घेतली. समोर शिकलेले-न शिकलेले सगळे बसलेले असल्यामुळे भाषा पाण्यासारखी आहे. आठवड्याला एक प्रवचन, तेही रविवारीच, अशा मूळच्याच चालीने वाचलं तर चार महिने पुरतं. ज्ञानेश्वरी मग. तीही पहिल्या ओवीपासून धरू नये, बाराव्या अध्यायापासून धरावी. जेमतेम अडीचशे ओव्या आहेत, विषय भक्तीचा आहे, दम लागत नाही. सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत घ्या, म्हणजे ओवीखाली अर्थ मिळतो.

निसर्गदत्त महाराज आणि तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांच्याबद्दल हात राखून सांगते. मुंबईच्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या महाराजांचे मराठी संवाद 1973 मध्ये 'आय ॲम दॅट' म्हणून इंग्रजीत निघाले आणि जगभर गेले. थोर आहेत. पण "तू शरीर नाहीस, मन नाहीस" हे वाक्य स्थिर माणसाला मोकळं करतं. ज्याला आघातानंतर आधीच स्वतःचा हात परका वाटतोय, सगळं काचेपलीकडून दिसतंय, त्याला ते आणखी लांब ढकलू शकतं.

पायरी 5 : टाइप बघा, जाडी बघा

हसू नका, निम्मी पुस्तकं इथेच परत येतात. दुःखात माणसाला एकाच ओळीवर तीनदा फिरावं लागतं. पानं दीडशेच्या आत, अक्षर ठळक, प्रकरण दोन-तीन पानांचं. साठीच्या पुढे असेल तर आधी चष्म्याचा नंबर विचारा. वाचवतच नसेल तर ऐकू द्या, अभंग तर मुळात ऐकायचेच आहेत. आणि अनुवाद घेताना मधलं एखादं पान मोठ्याने वाचून पाहा. तिसऱ्या ओळीला जीभ अडखळली तर ते पुस्तक ठेवून द्या, मूळ कितीही गाजलेलं असो.

पायरी 6 : द्यायची रीत

एकच पुस्तक द्या. एका पानात खूण घाला, जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी चालते. "हे तुझ्यासाठीच लिहिलंय" म्हणू नका. "मला हे पान आवडलं होतं, वाटलं तर बघ" एवढं पुरे. नंतर "वाचलंस का?" विचारू नका. दुखऱ्या माणसावर आधीच बऱ्याच गोष्टींची उधारी असते, त्यात तुमच्या पुस्तकाची भर नको. वाचनालयाचं पुस्तक असेल तर मुदत तुम्हीच वाढवत राहा. आमच्याकडे दंड दिवसाला एक रुपया आहे. अशा पुस्तकांचा मी कित्येकदा स्वतः भरलाय, समितीला सांगू नका.

पायरी 7 : वाचायची रीत

आपल्याकडे पोथी वाचायची जुनी चाल आहे. ठरावीक वेळ, ठरावीक जागा, ठरावीक ओव्या, आणि संपलं की पुस्तक बंद. तीच उत्तम. रोज दहा मिनिटं. रात्री अंथरुणात नको, सकाळी चहानंतर. एका वेळी एक सोबतीचं आणि फार तर एक कामाचं, तिसरं उघडायचं नाही. कामाच्या पुस्तकातला गृहपाठ आला की पुढचं पान उलटायचं नाही, मग तिथेच आठवडा गेला तरी चालेल.

मनाचं काय, ते पळणारच. बहिणाबाईंनी म्हटलंय तसं, "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर". कितीही हाकललं तरी पिकावर येतं. शेतकरी त्या ढोरावर रागावून शेत सोडून जात नाही, पुन्हा हाकतो.

लिहावंसं वाटलं तर लिहा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात दडवलेल्या वाईट प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठल्यावर त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून लिहून झाल्या झाल्या निकाल लावू नका. घाव अगदी ताजा असेल तर हा उद्योग काही आठवडे लांबवा. कागद नंतर फाडलेत तरी चालतात.

आणि पुस्तक कधी मिटायचं? वाचल्यावर सलग तीन-चार दिवस अंगावर दडपण येत असेल तेव्हा. पुस्तकातलं वाक्य घरच्यांच्या तोंडावर फेकायला लागलात तेव्हाही. आणि दर महिन्याला नवं पुस्तक, नवा उत्साह, पण वागणं तेच, असं होत असेल तर वाचन हेच दुखणं चुकवायचं साधन झालंय. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस वाचन-लेखन बंद असतं. तिथे जायलाच हवं असं नाही, पण घरीही एखादा महिना या कपाटाला कुलूप लावून बघावं.

ते कापडवाले काका चार महिन्यांनी आले. गाथा पिशवीत नीट गुंडाळलेली. दंडाचे पैसे मोजून खिडकीत ठेवले, माझं ऐकेनात. खूण त्याच पानात होती.

"पुढं गेलोच नाही," म्हणाले. मग पिशवीची घडी घालत जरा घुटमळले.

"खुनाबिनाचं काही आहे का? जाडजूड द्या. आता झोप लागते, त्याआधी काहीतरी हवं."

मी त्यांना रहस्यकथांचं कपाट दाखवलं.